पगारपत्रकातले तीनशे रुपये

दर फेब्रुवारीचा पगार झाला की आमच्या टीममधला कुणीतरी नवीन पोरगा हमखास विचारतो, "अरे, हा पीटी दर महिन्याला दोनशे कापतात, या वेळेला तीनशे का?" मग कुणीतरी सीनियर त्याला सांगतो की वर्षाला अडीच हजारच घेता येतात, म्हणून अकरा महिने दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे. झालं, हिशोब जुळला. पोरगा खूश, चहा संपला, सगळे जागेवर.

मीही बरीच वर्षं एवढ्यावरच खूश होतो. पण अडीच हजारच का? आणि मुळात हा कर कशासाठी? हे शोधायला गेलो आणि फिरून फिरून आमच्या यावललाच येऊन पोचलो. म्हटलं, शनिवार आहे, लिहून टाकू.

व्यवसाय कराचा महाराष्ट्रातला कायदा १९७५चा. त्याचं कारण एकच होतं, रोजगार हमी योजनेला पैसा उभा करणं. म्हणजे शहरात पगार घेणाऱ्याच्या खिशातून थोडं काढायचं, आणि खेड्यात ज्याला काम नाही त्याला काम द्यायचं. शिवाय उसाच्या खरेदीवर, विक्रीकरावर, मोटारगाड्यांवर अधिभार, बागायती जमिनीवर विशेष आकारणी, आणि जेवढं जमेल तेवढीच रक्कम सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची. अडीच हजाराची मर्यादा राज्यघटनेतली. आधी ती वर्षाला अडीचशे होती, १९८८च्या घटनादुरुस्तीने अडीच हजार झाली, आणि त्यानंतर तिला कुणी हात लावलेला नाही. १९८८ साली सॉफ्टवेअरवाल्याला पगार किती मिळायचा हे आपापल्या काकांना विचारा. :-)

आता यावल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जळगाव जिल्हा, उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि मधे केळी. चोपडा-यावल-फैजपूर-सावदा-रावेर हा रस्ता धरला की दोन्ही बाजूंना केळीच्या बागा संपतच नाहीत. पूर्वी बसराई आणि श्रीमंती, आता बहुतेक टिश्यूकल्चरची ग्रँड नैन. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकनही मिळालं, त्याचा आम्हाला अभिमान वगैरे आहेच. आमचं घर बागायतदाराचं, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढचं सगळं बांधावर उभं राहून बघणाऱ्यानं लिहिलंय, बागेत वाकून काम करणाऱ्यानं नव्हे.

माझ्या लहानपणी आमच्याकडे सालदार होते. बाकी महाराष्ट्र 'सालगडी' म्हणतो, खानदेशात सालदार. पाडव्याला नाहीतर आखाजीला साल ठरायचं. वर्षाची एक रक्कम, काही पोती दादर नाहीतर बाजरी, आणि सुरुवातीलाच हातात उचल. ती उचल वर्षभर फेडायची, म्हणजे कामाने फेडायची. आजारपण, लग्न, मयत यासाठी गेलेले दिवस म्हणजे खाडे, ते वहीत लिहायचे आणि हिशोबात कापायचे. आमच्या आजोबांच्या लाल कापडी वह्या अजून घरात आहेत. गेल्या वर्षी आखाजीला गावी गेलो तेव्हा एक उघडून बसलो. ज्यांना आम्ही पोरं 'नाना' म्हणायचो, ज्यांच्या खांद्यावर बसून मी बैलपोळा बघितलाय, त्यांचं पान. वर्षामागून वर्ष, शेवटची ओळ एकच: मागील बाकी पुढे. बाकी म्हणजे त्यांची आमच्याकडे नव्हे, आमची त्यांच्याकडे. एकही वर्ष मला असं सापडलं नाही की नानांचं येणं निघालंय.

आजोबा वाईट माणूस नव्हते. व्याज लावलेलं वहीत कुठे दिसत नाही. पण ज्याच्यावर बाकी आहे तो दुसऱ्याकडे साल धरू शकत नाही, हा अलिखित नियम गावात सगळ्यांना पाठ होता. त्याला कायदा लागत नव्हता.

खरं तर एके काळी त्याला कायदाही होता! हे मला अगदी अलीकडे कळलं. हिंदुस्थानात इंग्रजांनी कामगारांविषयी जे पहिले कायदे केले त्यातला एक म्हणजे १८५९चा करारभंगाचा कायदा. उचल घेतली आणि काम केलं नाही, तर मॅजिस्ट्रेट त्या मजुराला पैसे परत दे किंवा काम कर असा हुकूम देणार, आणि ऐकलं नाही तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. मालकाने करार मोडला तर? त्याने दिवाणी कोर्टात भांडायचं, म्हणजे मजुराने. सुरुवात झाली मुंबई, मद्रास, कलकत्ता या शहरांपासून. १९२५ साली तो रद्द करायचा ठरला. 'आपल्याकडे कामगार कायदे फार कडक' असं कुणी म्हणालं की मला हल्ली हा कायदा आठवतो. कडक होताच की, फक्त दुसऱ्या बाजूने.

यावल तालुक्यातच फैजपूर आहे. शाळेत आम्हाला पाठ करायला लावायचे: काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, डिसेंबर १९३६, अध्यक्ष पंडित नेहरू. नंदलाल बोस यांनी बांबूंनी सजवलेलं टिळकनगर, गांधीजी, साने गुरुजी, धनाजी नाना चौधरी... एवढं लिहिलं की पाचपैकी पाच मार्क. पण तिथे ठराव काय झाला हे कुणी शिकवलं नाही. तिथे शेतीविषयक कार्यक्रमाचा ठराव झाला. सारा आणि खंड कमी करा, कर्जातून सोडवा, कुळांना जमिनीची शाश्वती द्या, ही कलमं त्यात होतीच. पण त्यात एक कलम शेतमजुरांचंही होतं: त्यांना जगण्याइतकी मजुरी आणि कामाच्या बऱ्या अटी कायद्याने मिळाव्यात. त्याच वेळी फैजपूरला किसान सभेचंही अधिवेशन भरलं, अध्यक्ष एन. जी. रंगा. त्यासाठी पाचशे शेतकरी मनमाडहून दोनशे मैलांवर चालत आले होते, वाटेत गावोगाव सभा घेत.

पुढच्या वर्षी मुंबई प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं, बाळासाहेब खेरांचं. १९३९ साली कुळांसाठी कायदा झाला, कर्जनिवारणाचा झाला. शेतमजुराच्या मजुरीचा नाही झाला. मला यात काही कटबिट वाटत नाही. कुळाकडे निदान कसायला जमीन होती, कर्जदाराकडे कर्जाचा कागद होता. मजुराकडे दाखवायला काय? किमान वेतनाचं विधेयक केंद्रात मांडलं ते डॉ. आंबेडकरांनी, मजूर खात्याचे सदस्य असताना, १९४६ साली. कायदा झाला १९४८ साली. त्याच्या परिशिष्टाच्या दुसऱ्या भागात फक्त शेती होती. आणि राज्यांनी शेतमजुरांचे दर ठरवायची मुदत मग पुन्हा पुन्हा वाढत गेली.

म्हणजे फैजपूरचं ते कलम कागदावर यायलाच बारा वर्षं. बागेत यायला किती, ते तुम्हीच ठरवा.

मधली वर्षं पटकन सांगतो. १९७२च्या आसपास तीन गोष्टी जवळजवळ एकदम घडल्या, आणि त्यांचा एकमेकींशी वरवर काही संबंध नाही.

एक आमच्या शेजारी. शहादा, तेव्हाचा धुळे जिल्हा, आता नंदुरबार. तिथल्या भिल्ल मजुरांनी अंबरसिंग सुरतवंती यांच्या पुढाकाराने आधी गेलेल्या जमिनींचा प्रश्न उचलला आणि मग श्रमिक संघटनेतून सालदारकीचा. मागण्या वाचल्या तर आपल्याला त्या मागण्या वाटणारच नाहीत: पगार वाढवा, सुट्टी द्या, मारहाण थांबवा.

दुसरी गोष्ट दुष्काळ. १९७२-७३. मे १९७३मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. खडी फोडणं, बंधारे, पाझर तलाव, रस्ते. वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यात तासगावकडे केलेला प्रयोग या दुष्काळात राज्यभर पसरला आणि त्यातून रोजगार हमी कायदा झाला, १९७७चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. काम मागा, काम मिळेल, नाही मिळालं तर बेकारी भत्ता. भत्ता किती? दिवसाला किमान एक रुपया! हसू नका. 'सरकार देणं लागतं' हे कायद्यात लिहिलं गेलं, आणि हा नियम ज्याच्यासाठी होता त्याचा मालक कोण हे विचारावंच लागत नव्हतं. हाच त्यातला खरा चमत्कार.

तिसरी गोष्ट पार लांबची. १९७२ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं एक पथक केनियाला गेलं आणि त्याच्या अहवालामुळे 'अनौपचारिक क्षेत्र' हा शब्द जगभर गाजला. मूळ शब्द कीथ हार्ट या मानववंशशास्त्रज्ञाचा, घानामधल्या आक्रा शहरात काम करताना सुचलेला. तोवर अर्थतज्ज्ञांची साधारण समजूत अशी, की कारखाने वाढले की शेतीतली जादा माणसं तिकडे ओढली जातील आणि हे सगळं आपोआप विरघळेल. आर्थर लुईस यांनी १९५४ साली मांडलेलं हेच मॉडेल, त्यांना पुढे नोबेलही मिळालं. विरघळलं का? आपल्याकडे अर्जुन सेनगुप्ता आयोगाने २००४-०५ची आकडेवारी मोजली तेव्हा देशातल्या ४५.७ कोटी काम करणाऱ्यांपैकी सुमारे ९२ टक्के अनौपचारिक निघाले. म्हणजे 'अपवाद' आपण आहोत, पीएफवाले.

रोजगार हमीबद्दल दोन गोष्टी सांगायलाच हव्यात, नाहीतर ही आरती होईल. हेरिंग आणि एडवर्ड्स या दोघांनी १९८३ साली असं मांडलं की या योजनेचा फायदा मोठ्या शेतकऱ्यांनाही होता, कारण उन्हाळ्यात सरकारने मजूर जगवले की पेरणीला ते गावातच सापडत. वाचून मला आधी राग आला आणि मग आजोबा आठवले. दुसरी गोष्ट १९८८ची. किमान वेतनाबरोबर रोजगार हमीची मजुरी साधारण दुप्पट झाली. छान झालं ना? पण रॅव्हॅलियन, दत्त आणि चौधरी यांनी आकडे तपासले तर त्यानंतर कामावरची संख्या घसरलेली. मजुरी वाढली, पैसा तेवढाच, मग काम उघडायलाच टाळाटाळ. हमी कागदावर तशीच राहिली आणि तिचं रेशनिंग झालं. आपल्याकडे सर्व्हर डाऊन करत नाहीत, फक्त नवीन कनेक्शन घेणं बंद करतात, तसं.

तरीही एक गोष्ट झाली. सालदाराला दुसरा पर्याय दिसला. 'रोहयोवर जाईन' हे वाक्य बोलायची सोय झाली. त्याआधी १९७५च्या वटहुकुमाने आणि १९७६च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झालीच होती. (त्या कायद्याच्या व्याख्येत देशभरातल्या अशा पद्धतींची तिसेक नावं आहेत. हाली, कामिया, जीता, वेट्टी... सालदार त्यात नाही. नाव नाही म्हणून कायदा लागू होत नाही असं नव्हे, पण आमच्याकडे मात्र कुणी तो कायदा आणि आपली वही एकत्र ठेवून बघितलं नाही.)

नानांनी साल सोडलं ते नव्वदीच्या दशकात कधीतरी. त्यांचा नातू माझ्याच वयाचा. तो केळी कापणाऱ्या टोळीत जातो. आखाजीला भेटला तेव्हा मी आपलं विचारलं, आता चांगले पैसे देतात म्हणे सालाचे, मग धरत का नाहीस? तर म्हणाला, "नही पुरत भाऊ. लाईट येते रातची. पानी भरायले कोन जाईन? साल धरलं का रातबी त्याईची." बरोबर होतं त्याचं. गावातले शेतकरी रडतात की सालदार मिळत नाही, मिळाला तर उचल घेऊन पळतो. (१८५९ साली कलकत्त्याचे व्यापारीही हेच रडत होते.) टोळीत दिवसाचे पैसे बरे मिळतात, संध्याकाळी हिशोब, कुणाची बाकी नाही, कुणाचा हुकूम नाही.

मग मी दुसरं विचारलं, घड वाहताना पाय घसरला, कमरेत उसण भरली, तर? हसला फक्त.

टोळीचं गणित असं: बाग शेतकऱ्याची, माल व्यापाऱ्याने घेतलेला, टोळी मुकादमाची, गाडी वाहतूकदाराची. दर मालाच्या वजनावर किंवा गाडीवर, म्हणजे उक्तं काम. कापणारा, वाहणारा, फण्या धुऊन भरणारा, कुणाचंच नाव कुठल्या कागदावर नाही. चौघांपैकी कुणालाही विचारा, मालक उरलेल्या तिघांपैकी एक असतो.

आणि इथे ती बातमी सांगावी लागते. १५ फेब्रुवारी २०२१, मध्यरात्र नुकतीच उलटलेली. पपई भरलेला ट्रक धुळ्याकडून रावेरला येत होता, मालावर मजूर बसलेले. यावल तालुक्यात किनगावजवळ ट्रक उलटला. किमान १५ माणसं गेली, बायका आणि लहान मुलंही. बहुतेक रावेर तालुक्यातली, अभोड्याची, केऱ्हाळ्याची, रावेरची. दिवसभर माल भरायचा आणि त्याच मालावर बसून रात्री घरी यायचं. पंतप्रधान निधीतून दोन लाख, राज्याकडून दोन लाख जाहीर झाले. मदत आली, चांगलंच झालं. पण कामात अपघात झाला तर मालकाने भरपाई द्यावी हा कायदा या देशात १९२३चा आहे, आणि त्या रात्रीची चर्चा मी गावात ऐकली ती सगळी सरकार किती देणार याची. मालक कोण, हा प्रश्न कुणी विचारला नाही. मीही नाही.

कायद्याला हा प्रश्न सुचलाच नव्हता असं नाही. किमान वेतन कायद्यात मालकाची व्याख्याच 'थेट किंवा दुसऱ्यामार्फत कामाला लावणारा' अशी होती. म्हणजे मुकादमामागे लपता येत नव्हतं, कागदावर तरी. आणि एक उत्तर तर महाराष्ट्रानेच शोधून ठेवलंय. १९६९चा माथाडी कायदा, अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आलेला. हमालाला एक मालक नसतो, सकाळी या गाळ्यावर, दुपारी त्या. मग मालक शोधूच नका! कामगारही मंडळात नोंदवा, व्यापारीही नोंदवा. व्यापाऱ्याने मजुरी आणि वर ठरावीक लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने हमालाला पगार, भविष्यनिर्वाह निधी, उपदान, दवाखाना द्यायचा. आपण त्याला मिडलवेअर म्हटलं असतं. त्यात घाण शिरली नाही असं मी म्हणत नाही, माथाडीच्या नावावर खंडणीच्या तक्रारी आपण सगळ्यांनीच ऐकल्यात. पण मुंबईच्या बाजारातल्या हजारो घरांत त्या कायद्याने मुलं शिकली, फ्लॅट झाले, हेही खरं.

तो केळीच्या बागेत का चालला नाही? माझा आपला अंदाज सांगतो. बाजार समितीला एक फाटक असतं. गाडी आत येताना आणि बाहेर जाताना दिसते, तिथे लेव्ही मोजता येते. केळी बागेतच कापली जाते, बांधावरच भरली जाते आणि तिथूनच दिल्लीला निघते. पूर्वी सावद्याला आणि रावेरला रेल्वेच्या वाघिणी भरायचे तेव्हा निदान स्टेशन तरी होतं. आता प्रत्येक बांध हेच फाटक.

म्हणून 'कायदे कडक आहेत म्हणून लोक अनौपचारिक राहतात' हे ऐकलं की मला गंमत वाटते. कारखान्यांबद्दल तो वाद आहे, शंभर कामगारांच्या अटीवरून अर्थतज्ज्ञ एकमेकांचे आकडे खोडतात, चालू दे. पण यावलच्या टोळीला कुठला कडक कायदा आडवा आला? २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या संहिता लागू झाल्या, किमान वेतनाचा जुना कायदा त्यात विरघळला, आता किमान वेतन सगळ्याच रोजगारांना आहे. वाचायला मस्त आहे. नानांच्या नातवाकडे ई-श्रमचं कार्डही आहे, देशात ३० कोटींहून जास्त लोकांकडे आहे, निम्म्याहून अधिक शेतीतलेच. त्याने ते मोबाईलच्या कव्हरमध्ये मागे सरकवून ठेवलंय. मला काढून दाखवलं आणि विचारलं, याचं काय भेटतं? मी दोन मिनिटं बोललो. त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की मी उत्तर दिलेलं नाही.

वहीबद्दल एक राहिलं. नानांच्या शेवटच्या पानावर 'मागील बाकी पुढे' नाही. बाकी लिहिलीय, आणि तिच्यावर आजोबांनी आडवी रेघ मारलीय. बाजूला काहीच लिहिलेलं नाही. वडिलांना विचारलं, माफ केली का फेडली? त्यांना आठवत नव्हतं. म्हणाले, "नानाच्या पोराले विचार." पोरगा आता साठीच्या पुढे. त्याच दिवशी संध्याकाळी गेलो होतो त्यांच्या घरी. त्यांनी बसायला खुर्ची दिली, चहा केला, माझ्या पोरीची चौकशी केली. वहीचा विषय मला काढता आला नाही.